माळ्यावरचा कॉम्प्युटर, जुन्या सीड्या आणि गणपतीची सुट्टी: जुने गेम नीट चालू करण्याची पद्धत

गणपतीला चार दिवस उरले की मला फोन यायला लागतात. मुंबईहून आलेला भाचा माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली उतरवतो, फडक्याने पुसतो, पडवीतल्या बोर्डाला प्लग लावतो आणि बटण दाबतो. एक तर काहीच होत नाही, नाहीतर मागून 'फट्' आवाज येऊन घरातले दिवे जातात. मग कोणीतरी म्हणतं, लॅपटॉपवर लावूया. लॅपटॉपला सीडीची खाच नसते, म्हणून इंटरनेटवरून कुठलं तरी 'फुल व्हर्जन' उतरवलं जातं. आरतीच्या वेळेपर्यंत लॅपटॉपही आडवा झालेला असतो.

देवगड तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की सगळं एकदा लिहून काढायचं ठरवलं. क्रिकेट ०७, आयजीआय, व्हाइस सिटी, मोस्ट वॉन्टेड हेच गेम पुन्हा पुन्हा मागितले जातात, म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतो. गेम बिघडलेला असतो असं फार क्वचित होतं. चुकतो तो क्रम. खालचे टप्पे आहेत त्याच ओळीने करा, मधला एकही गाळू नका. आणि सुरुवात निदान आठवडाभर आधी करा, चतुर्थीच्या आदल्या रात्री नको.

## टप्पा १: आधी ठरवा, जुनं मशीन की नवा लॅपटॉप

तुमच्याकडे गेमची मूळ सीडी किंवा डीव्हीडी असेल आणि विंडोज एक्सपी असलेलं मशीन घरात असेल, तर जुनं मशीनच वापरा. कारण समजून घ्या. २००० नंतरच्या दशकात कित्येक गेमच्या डिस्कवर नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्कसारखं कुलूप असायचं. हे कुलूप उघडायला विंडोजमध्ये एक छोटी ड्रायव्हर फाइल लागायची. ती सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याची ठरली. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये तिला जागाच दिली नाही, आणि त्याच वर्षी विंडोज ७ व ८ मध्येही अपडेटने ती बंद झाली. म्हणून खरी, विकत घेतलेली सीडी नव्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून घातली, गेम इन्स्टॉलही झाला, तरी उघडताना काहीच न होणं शक्य आहे. तुमची सीडी खराब नाही, चूक तुमचीही नाही.

नवा लॅपटॉपच वापरायचा असेल तर गेमची डिजिटल प्रत अधिकृत दुकानातून विकत घ्या. प्रिन्स ऑफ पर्शियाचे जुने भाग जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळतात. अशा प्रतींवर सीडीचं कुलूप नसतं आणि नव्या विंडोजवर चालण्यासाठी त्या बऱ्याचदा आधीच जुळवलेल्या असतात.

इशारा: 'क्रॅक' नावाची, गेमचं कुलूप तोडणारी फाइल चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करा असं जिथे लिहिलेलं असेल, तिथून तडक बाहेर पडा. ज्या लॅपटॉपवर वडिलांचं बँकेचं काम चालतं त्यावर हे करणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे.

जुनं मशीन वापरणार असाल तर टप्पा २ पासून, लॅपटॉप वापरणार असाल तर थेट टप्पा ६ पासून वाचा. टप्पा ७ पासून पुढचं सगळ्यांसाठी आहे.

## टप्पा २: माळ्यावरून उतरवलेल्या मशीनला लगेच प्लग लावू नका

घाटावरच्या एखाद्या लेखात हा टप्पा दोन ओळींत संपेल. आपल्याकडे तो सगळ्यात मोठा, कारण आपली हवा. श्रावण-भाद्रपदात कौलाखालच्या माळ्यावर इतका ओलावा असतो की पुस्तकांची पानं लाटेसारखी होतात. खाडीकाठच्या घरांत त्यात मीठही असतं. हा ओलावा मदरबोर्डवर, रॅमच्या पिनांवर आणि पॉवर सप्लायच्या आत बसलेला असतो. वर्षभर साचलेल्या धुळीने तो शोषला की ती धूळच वीज वाहू लागते. पहिल्याच झटक्यात फट् होतं ते त्यामुळे.

पहिले दोन दिवस मशीन नुसतं उघडून ठेवा. बाजूचं झाकण काढा, आतला भाग वर येईल असं आडवं ठेवा आणि पंख्याखाली राहू द्या. ऊन पडलं तर खिडकीजवळ ठेवा, पण कडक उन्हात खळ्यात मांडू नका. चुलीजवळ तर अजिबात नको, धुराची काजळी ओलाव्यापेक्षा चिवट असते.

मग सफाई. रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्या. आधी पंखे, मग प्रोसेसरवरची ॲल्युमिनियमची जाळी, शेवटी बोर्ड. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने ते भरधाव फिरलं तर बेअरिंग जातं. कोपऱ्यांत नीट बघा. गेल्या वर्षी एका मशीनच्या पॉवर सप्लायच्या जाळीतून मला पालीची तीन अंडी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर मिळालं. मशीन चालू केलं असतं तर पंखा अडकून सप्लाय जळाला असता.

आता रॅम. दोन्ही बाजूंचे चाप बाहेर दाबले की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी पिनांवर हिरवट किंवा काळपट थर दिसेल. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्या आणि पिनांवरून एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. रबराचे कण ब्रशने झाडून टाका. पट्टी परत बसवताना दोन्ही चाप आपोआप 'टक' करून मिटले पाहिजेत. कॉम्प्युटर चालू होतो पण पडदा काळाच राहतो, या तक्रारीत माझ्याकडे आलेल्या मशीनपैकी बरीचशी एवढ्यानेच चालू झाली आहेत.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमध्ये तो मेलेलाच असतो. बदलून टाका, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो न बदलल्यास दर वेळी तारीख मागे जाईल आणि पुढे सेव्ह केलेल्या खेळांचा क्रम विसकटेल.

तपासा: बोर्डवरच्या उभ्या, छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरची टोपणं सपाट आहेत का? एखादं फुगलेलं असेल किंवा त्यातून तपकिरी रस आला असेल, तर इथेच थांबा. ते मशीन आधी दुरुस्तीला न्यावं लागेल.

इशारा: पॉवर सप्लायचा डबा आणि जुना फुगीर काचेचा मॉनिटर कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आत जीवघेणी वीज साठलेली असते.

पुराचं पाणी लागलेली मशीन: २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर अनेकांनी वाळवलेली मशीन चालू करून बघितली. गाळ सुकला तरी क्षार आत राहतात. अशा मशीनला वीज देऊ नका. हार्ड डिस्कमध्ये फोटो असतील तर ती काढून डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे द्या. गेमसाठी दुसरं मशीन बघा.

## टप्पा ३: पहिली वीज

पडवीतला बोर्ड नको. ज्या खोलीत तीन पिनांचं, खरोखर अर्थिंग असलेलं सॉकेट आहे तिथे मशीन न्या. आपल्या जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मुळात नीट लागत नाही आणि जुन्या घरांत तिसरी पिन बऱ्याचदा नावालाच असते. ओळखायची खूण: मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की झिणझिण्या येतात. आल्या तर बंद करा आणि वायरमनला बोलवा. असल्या मशीनला गेमपॅड जोडून लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही.

मशीन यूपीएसवर लावा. गणपतीत संध्याकाळी सगळ्या वाडीत रोषणाई लागते, आरतीच्या सुमारास व्होल्टेज खाली येतं आणि नेमकं तेव्हाच मशीन आपोआप बंद होऊन परत चालू होतं. लोकांना वाटतं गेम हँग होतोय.

पहिल्यांदा चालू करताना कॅबिनेट उघडंच ठेवा आणि सगळे पंखे फिरतात का बघा. करपट वास आला तर लगेच प्लग काढा. सगळं ठीक असेल तर अर्धा तास नुसतं चालू राहू द्या, गेम लावू नका. तारीख-वेळ बरोबर करा.

इशारा: एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर आधार देणं थांबवलं. या मशीनला इंटरनेट जोडू नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही नाही. गेमला त्याची गरज नाही.

## टप्पा ४: डिस्क साफ करणे

सीड्या बहुधा रेक्झिनच्या पाउचमध्ये असतात आणि दमट हवेत रेक्झिन सीडीला चिकटतं. ओढून काढू नका. पाउचची शिवण कात्रीने कापा आणि प्लॅस्टिक हळूहळू सोलत न्या.

सीडीची चमकणारी बाजू जपावी एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नाजूक असते ती वरची, चित्राची बाजू. सीडीमध्ये माहितीचा चकाकता थर चित्राच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आड असतो. वरून चरा पडला किंवा बॉलपेनने नाव लिहिलं तर थरच फाटतो, त्याला उपाय नाही. डीव्हीडीमध्ये तो थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी जास्त सोसते.

साफ करायचं ते असं. वाटीभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. चष्म्याचं मऊ फडकं त्यात भिजवून पिळा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, चकतीवर ग्रामोफोनसारखं गोल गोल फिरवू नका. माहिती गोलाकार वाटेवर लिहिलेली असते. आडवा बारीक ओरखडा लेसर ओलांडून जातो, पण वाटेच्याच दिशेने गेलेला ओरखडा लांबच लांब माहिती खातो. मग स्वच्छ पाण्याने धुऊन दुसऱ्या कोरड्या फडक्याने तसंच टिपा. टूथपेस्ट, खोबरेल तेल, पेट्रोल यातलं काहीही लावायचं नाही.

तपासा: सीडी दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला थर गेला आहे. कडेला एखाद-दुसरा ठिपका असेल तर प्रयत्न करून बघा. मधल्या भागात चाळण झाली असेल तर वेळ घालवू नका.

ड्राइव्हचा ट्रे उघडत नसेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. पुढे टाचणीएवढं भोक दिसेल. मशीन बंद करून त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप घाला, ट्रे थोडा बाहेर येईल.

## टप्पा ५: जुन्या मशीनवर इन्स्टॉल करण्याचा क्रम

आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मग आवाजाचा, मग डायरेक्टएक्स ९.०सी (गेमचं चित्र आणि आवाज चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), मग गेम, मग गेमची सुधारणा फाइल (पॅच) असेल तर ती, आणि त्यानंतरच पहिला खेळ. सुधारणा फाइल आधी आणि खेळ नंतर, हे लक्षात ठेवा. आधी चार तास खेळून, संघातल्या खेळाडूंची नावं बदलून मग ती फाइल टाकलीत तर केलेले बदल पुसले जाऊ शकतात.

इन्स्टॉल करताना छोटं, मध्यम, पूर्ण असा पर्याय आला तर पूर्ण घ्या. सगळं हार्ड डिस्कवर उतरतं, सीडी सारखी फिरत नाही आणि म्हाताऱ्या ड्राइव्हचं आयुष्य वाढतं.

## टप्पा ६: नव्या लॅपटॉपवर

इथे बहुतेक जण गेम मिळेल त्या जागी इन्स्टॉल करतात आणि मग तासभर चुका शोधत बसतात. चार गोष्टी इन्स्टॉलच्या आधी करा.

एक, डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी अक्षरांत नाव असलेला फोल्डर तयार करा आणि गेम तिथेच टाका. प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका. जुने गेम आपल्या सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला बघतात आणि व्हिस्टापासून पुढची विंडोज त्यांना तिथे मोकळेपणाने लिहू देत नाही. केलेल्या सेटिंग दर वेळी उडतात त्या म्हणून.

दोन, विंडोजमधलं तुमचं नाव देवनागरीत आहे का बघा. हे फक्त आपल्यासारख्यांनाच नडतं, त्यामुळे इंग्रजी लेखांत सापडत नाही. जुन्या गेमना युनिकोड, म्हणजे देवनागरीसारख्या लिपी कॉम्प्युटरमध्ये लिहायची पद्धत, कळत नाही. 'प्रथमेश' नावाचा फोल्डर त्यांना नुसती प्रश्नचिन्हं दिसतो, सेव्ह करायची जागा सापडत नाही आणि गेम उघडल्याबरोबर मिटतो. नुसतं दिसणारं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. इंग्रजी अक्षरांत एक नवं युजर खातं उघडा आणि त्यातून खेळा.

तीन, विंडोजच्या फीचर्सच्या यादीत लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले हा जुन्या गेमना लागणारा भाग असतो, तो चालू करा. चार, डायरेक्टएक्सचं जून २०१० चं रनटाइम मायक्रोसॉफ्टकडूनच घेऊन टाका. लॅपटॉपमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी जुन्या गेमना लागणाऱ्या नवव्या आवृत्तीच्या कित्येक फाइल त्यात नसतात. 'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी फाइल सापडत नाही असा संदेश आला तर समजा की हे राहिलं. ती एकटी फाइल कुठून तरी उतरवून टाकू नका.

गेम टाकून झाला की त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी उघडा, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा आणि चालवून बघा. नाहीच चालला तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची खूण करा. एका वेळी एकच खूण बदला. सगळ्या खुणा एकदम केल्या तर कशाने चाललं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही.

इन्स्टॉलरच उघडत नसेल आणि गेम १९९० च्या दशकातला असेल, तर तो इन्स्टॉलर १६ बिटचा असू शकतो. ६४ बिटच्या विंडोजवर तो कुठल्याही खुणेने चालणार नाही. जुन्या मशीनकडे वळा.

## टप्पा ७: पडदा

मोठ्या टीव्हीवर खेळायचं म्हणून एचडीएमआय-व्हीजीए वायर आणली जाते आणि पडदा निळाच राहतो. जुन्या मशीनमधून व्हीजीए बाहेर येतं आणि टीव्हीत एचडीएमआय जातं, म्हणून तुम्हाला व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर हवा. दुकानात सहज मिळणारा बऱ्याचदा नेमका उलट्या दिशेचा असतो. दिशा सांगून मागा. या कन्व्हर्टरला यूएसबीने वीज आणि वेगळ्या पिनेने आवाजही द्यावा लागतो.

त्या काळचे बरेच गेम ४:३ च्या चौकोनी पडद्यासाठी बनले आहेत. २००५ चा मोस्ट वॉन्टेड त्यातलाच. रुंद टीव्हीवर ताणला की गाड्या बसक्या दिसतात. लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडा, जुन्या मशीनसाठी टीव्हीतच ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

आता क्रिकेटवाल्यांनी नीट वाचा. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्यात थोडा वेळ घेतात. चित्रपटात ते जाणवत नाही, पण फलंदाजीत जाणवतं. तुम्ही बरोबर वेळी कळ दाबता, तरी पडद्यावर दिसलेला चेंडू खऱ्या चेंडूच्या मागे असतो आणि प्रत्येक फटका उशिरा बसतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावा.

तपासा: आधी पाच षटकं लॅपटॉपच्या किंवा जुन्या मॉनिटरच्या पडद्यावर खेळा, मग टीव्हीवर. टीव्हीवर अचानक टायमिंग जात असेल तर हात तुमचा नाही, टीव्ही चुकतोय.

## टप्पा ८: कळा आणि गेमपॅड

एकाच कीबोर्डवर दोघं खेळायला बसले की भांडण ठरलेलं. "मी दाबलंय मरे, पण हलणाच नाय!" दोघंही खरं बोलत असतात. साध्या कीबोर्डमध्ये तीन-चार कळा एकदम दाबल्या तर काही जोड्यांत शेवटची कळ नोंदलीच जात नाही. नोटपॅड उघडून तुमच्या खेळाच्या अक्षरांच्या कळा एकदम दाबा, किती अक्षरं उमटतात मोजा. उमटत नसतील तर त्या कळा बदला, किंवा एकाने कीबोर्ड आणि दुसऱ्याने गेमपॅड घ्या.

गेमपॅड गेम उघडण्याच्या आधी जोडा. जुने गेम सुरुवातीलाच काय काय जोडलंय ते मोजतात, मागून आलेल्याला ओळखत नाहीत. 'पॅड खराब निघाला' म्हणून परत केलेले कित्येक पॅड चांगले होते.

व्हाइस सिटीत 'डेमोलिशन मॅन' मोहिमेत लोक अडकतात. तिथलं छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर मूळ रचनेत उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी वळवायचं असतं, आणि लहान लॅपटॉपला त्या कळाच नसतात. कंट्रोल सेटअपमध्ये जाऊन त्या हालचाली आधीच दुसऱ्या कळांवर आणा. मोहीम सुरू झाल्यावर वेळ मोजला जातो, तेव्हा शोधत बसू नका.

## टप्पा ९: प्रत्येक गेमची चाल ओळखा

इथपर्यंत नीट आलेले लोकही पहिल्या रात्री कंटाळून बंद करतात, कारण गेम आजच्या सवयीने खेळायला जातात.

क्रिकेट ०७. २००६ च्या नोव्हेंबरात आलेला हा गेम. चेंडू कुठे टप्पा घेणार याची खूण गोलंदाज धावत येतानाच खेळपट्टीवर दिसते. नवखा माणूस चेंडू हातातून सुटला की लगेच फटक्याची कळ दाबतो आणि वरवर झेल देतो. क्रम असा ठेवा: टप्प्याची खूण बघा, पुढचा पाय की मागचा ते ठरवा, दिशा धरून ठेवा आणि कळ शेवटी दाबा. दोन काड्यांचा गेमपॅड असेल तर सेंच्युरी स्टिक पद्धत निवडा. डाव्या काडीने पाय हलतो, उजवीने फटका. ही पद्धत एका संध्याकाळीत हाताला बसते आणि बसली की कीबोर्डकडे परत जावंसं वाटत नाही. पहिली दोन षटकं जमिनीलगत खेळा. उचलून मारायची घाई पाचव्या षटकापर्यंत दाबून ठेवणारा माणूसच वाडीत जिंकतो, हे मी दरवर्षी बघतो.

भारतीय खेळाडूंची नावं या गेममध्ये बदललेली आहेत, परवाना नव्हता म्हणून. संघ संपादनात जाऊन ती दुरुस्त करता येतात. स्पर्धेच्या आधी एकाने बसून हे काम संपवावं. खेळायला जमलेल्या दहा जणांसमोर नावं टाइप करत बसू नये.

आयजीआय. डिसेंबर २००० चा पहिला भाग. १४ मोहिमा आणि मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. ही अडचण गृहीत धरूनच खेळायचं. आत शिरण्याआधी दुर्बिणीने मनोरे बघा, उपग्रहाच्या नकाशावर पहारेकरी मोजा, कॅमेरे बंद करता येतात का बघा. धोक्याची घंटा वाजली की माणसं बाहेर येतात. गोळीबार करत पुढे पळणारा पहिल्या पाच मिनिटांत मरतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. २००३ च्या दुसऱ्या भागात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येतं, पण मोजक्याच वेळा. ते अर्ध्या वाटेपर्यंत राखून ठेवा.

व्हाइस सिटी. फ्रेम लिमिटर, म्हणजे चित्र किती वेगाने बदलावं याला मर्यादा घालणारी सेटिंग, चालूच ठेवा. बंद केल्यावर चित्र जास्त गुळगुळीत दिसतं म्हणून लोक तो काढतात. पण गेमचं भौतिकशास्त्र ठरावीक वेगावर बेतलेलं आहे, वेग वाढला की गाड्या विचित्र वागू लागतात. सेव्ह फक्त घरात, कॅसेटच्या चिन्हावर उभं राहून होतं. चीट कोड मारून खेळायचं तर वेगळ्या खेळात खेळा, चीट लावलेला खेळ मूळ सेव्हवर लिहू नका.

मोस्ट वॉन्टेड. पोलीस मागे लागले की नुसता वेग वाढवून सुटका होत नाही, उलट पाठलागाची तीव्रता चढत जाते. दुकानावरच्या मोठ्या डोनटसारखी पाडता येणारी बांधकामं नकाशावर आधी बघून ठेवा आणि पाठलाग तिथून न्या. वेळ मंदावणारा स्पीडब्रेकर सरळ रस्त्यावर उधळू नका, तो वळणासाठी आहे.

## टप्पा १०: सेव्ह सांभाळणे

व्हाइस सिटी आणि मोस्ट वॉन्टेडचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. रोज रात्री तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स वनड्राइव्हशी जोडलेलं असेल तर खेळताना ते थांबवा.

लाईट जाण्याचा भरवसा नाही. यूपीएसने पिपाणी वाजवली की खेळ तिथेच थांबवा, सेव्ह करा, मशीन नीट बंद करा. यूपीएसच्या बॅटरीची ती दहा मिनिटं षटक पूर्ण करण्यासाठी नाहीत. ढगांचा गडगडाट सुरू झाला तर प्लग भिंतीतून काढा, बटण बंद करून भागत नाही.

## टप्पा ११: वाडीची स्पर्धा

आठ जण, बाद पद्धत, म्हणजे सात सामने. पाच षटकांचा एक सामना, निवड आणि जागा बदलणं धरून, साधारण २५ मिनिटं घेतो. म्हणजे तीन तास धरा. रात्री भजन आटोपल्यावर बसणार असाल तर उपांत्य फेरीपर्यंत पहिल्या रात्री आणि अंतिम सामना दुसऱ्या रात्री ठेवा. मैदान, हवामान आणि काठिण्य पातळी आधी ठरवून कागदावर लिहा, ऐनवेळी कोणी बदलायचं नाही. प्रत्येकाला सामन्याआधी एक षटक सरावाला द्या. मुंबईहून आलेल्या मुलाच्या हाताला पॅडची सवय असते, गावातल्याच्या नसते. सराव दिला नाही तर स्पर्धा तिथेच संपते. लहान बहिणींना नुसतं बघायला बसवू नका, यादीत त्यांचीही नावं लिहा.

## टप्पा १२: परत ठेवताना

विसर्जनानंतर निघायच्या घाईत मशीन तसंच माळ्यावर जातं आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. माळ्यावर ठेवूच नका. खालच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीवर न टेकवता पाटावर ठेवा. वरून सुती चादर घाला. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आतला ओलावा आतच कोंडतो. मागच्या मोकळ्या खाचांना बारीक जाळी लावा, पाली आणि कुंभारमाश्या तिथूनच शिरतात. महिन्यातून एकदा अर्धा तास मशीन चालू करायचं काम घरी राहणाऱ्या कोणावर तरी सोपवा. स्वतःच्याच उबेने ते कोरडं राहतं.

सीड्या रेक्झिनच्या पाउचमधून काढून एकेका कडक डबीत घाला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात त्या उभ्या ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यातून निघतात त्याच पुड्या चालतात. डब्यावर आत काय आहे ते लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात पापड भरून ठेवेल.